मॅडम नंबर सात

बस राजूर घाट उतरू लागली आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मला माझाच आवाज ऐकू आला. मी बोलत नव्हते. तोंड मिटून खिडकीशी बसले होते, मांडीवर फाइल, फाइलवर पर्स, आणि पुढच्या सीटवरून मीच कुणाला तरी सांगत होते, "घाई करू नका. तार ओढायची नाही, येईल तशी येऊ द्यायची." माझा आवाज बाहेरून ऐकला की थेट आमच्या अकोल्याच्या आत्यासारखा वाटतो, नाकातून येणारा, समोरच्याला थोडं कमीच कळतं असं धरून चालणारा. एरवी मला हसू आलं असतं. पण पुढचं वाक्य मला पाठ होतं, आणि ते येऊ नये म्हणून मी, चाळिशी ओलांडलेली सरकारी नोकरीतली बाई, एस.टी.त बसून देवाचा धावा करत होते. ते आलंच. "जळालेल्या मोटरमधून तारेचे जितके वेढे निघाले, तितकेच नवीन भरायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही." ही सातवी क्लिप. ती मी आठ महिन्यांपूर्वी पुसून टाकली होती.

पुसून टाकली म्हणजे काय केलं, तर संस्थेच्या संगणकातून काढली, माझ्या मोबाइलमधून काढली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की काढली. गोपाळ जिल्हा परिषदेत कारकून. तो म्हणाला, "जावक झालेला कागद परत येतो का कधी?" मी त्याच्यावर चिडले. मी बुलढाण्याच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री शिकवते, या विषयाची तिथली पहिली बाई निदेशक, आणि पहिलेपणाची एक गुर्मी असतेच. बाईला मोटर काय कळते, हे इतक्यांदा ऐकलं होतं की मोटर कळणं हा माझा स्वभावच होऊन बसला होता. त्या दिवशी मी मलकापूरला निघाले होते ती त्याच गुर्मीत. तिथे विभागाची बैठक होती, नवीन पद्धतीने शिकवणाऱ्यांनी आपापले प्रयोग दाखवायचे होते, आणि माझ्या फाइलमधल्या सीडीवर माझ्या क्लिपा होत्या. एक ते सहा, मग आठ, नऊ, दहा. सात कुठे गेली असं कुणी विचारलं असतं, तर आकडा टाकताना चूक झाली असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.

या क्लिपा सुरू झाल्या त्या रागातून. संस्थेला दहा संगणक आले, त्यांच्याबरोबर एक सीडींचा खोका आला. सीडीतल्या निळ्या पडद्यावर एक मोटर गोल गोल फिरायची आणि एक माणूस फाडफाड इंग्रजीत बोलायचा. मुलं पाहायची आणि मोटर थांबली की टाळ्या वाजवायची. तेही दिवे असले तर. भारनियमन असं होतं की आमचा संगणकाचा तास आणि वीज यांची गाठ आठवड्यातून एकदा पडली तरी मी साखर वाटली असती. पण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता, घरी चार्ज केलेला, त्यात दोन जीबीचं कार्ड. मग एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनी मोटर मांडली, गोपाळला मोबाइल धरायला लावला आणि तीन मिनिटांत एकच गोष्ट सांगितली: जळलेली तार कापून बाहेर कशी काढायची. चेहरा नको म्हणाले, फक्त हात घे. पहिल्या चार क्लिपांत कोपऱ्यात गोपाळचं बोट दिसतं. प्रत्येक क्लिपच्या शेवटी मी माझा नंबर सांगायचे: समजलं तर एक मिस्ड कॉल, नाही समजलं तर दोन. पैसे कुणाचेच जात नाहीत. दोन-दोन आले की मी क्लिप नव्याने करायची. पाचवी मी चारदा केली. आणि मग बाजारातल्या मोबाइलच्या दुकानांनी गाणी भरून देता देता माझ्या क्लिपाही भरून द्यायला सुरुवात केली. कव्वाल्या, लग्नाची गाणी, आणि त्यांच्याखाली "मॅडम १", "मॅडम २". मोताळा, जानेफळ, डोणगाव, कुठून कुठून मिस्ड कॉल यायचे. फोन रात्रंदिवस एकदाच वाजून थांबायचा आणि प्रत्येक वेळी कुणीतरी अनोळखी माणूस मला सांगत असायचा की समजलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी गोपाळला सांगितलंही आहे. सातव्या क्लिपला तर एकही दोन नव्हता, सगळे एकेकच. जितके निघाले तितकेच भरा, यात न समजण्यासारखं काय आहे?

मग मतीन आला. मतीन म्हणजे माझा प्रशिक्षणार्थी, वयाने मोठा, बायकोपोरांचा धनी, मोताळ्याकडून रोज जाऊन येऊन करायचा. एका सकाळी त्याने पिशवीतून काळी पडलेली तारेची जुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. जळलेल्या वार्निशचा वास वर्गभर पसरला. शेजाऱ्याची विहिरीवरची मोटर त्याने माझ्या क्लिपवरून भरली होती, अगदी तितकेच वेढे, एक कमी नाही, एक जास्त नाही. नऊ दिवस चालली. मी म्हटलं, भरताना तार कुठेतरी घासली असेल. त्याने मान हलवली आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या इथली लाइट आन् आमच्या इथली लाइट येगयेगळी हाये." बस, एवढंच. पुढच्या महिन्यात त्याने संस्था सोडली, औरंगाबादला कारखान्यात लागला. त्याने का सोडली ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला हवं होतं तसं आलं नसतं तर?

तो म्हणत होता ते खरं होतं. पुस्तकातली मोटर चारशे पंधरा व्होल्टवर चालते, आमच्या कार्यशाळेतलीही चालते, कारण आम्ही गावात, ट्रान्सफॉर्मरजवळ. शिवारात आठ तास वीज येते आणि आली की दीडदोनशे मोटरी एकदम सुरू होतात. त्यांना मिळतात तीनशे, कधी त्याहून कमी. पुरी वीज मिळेल असं धरून भरलेली मोटर उपाशीपोटी ओझं ओढते, तापते आणि जळते. म्हणून खेड्यातले भरणारे वेढे कमी टाकतात आणि तार जाड घेतात. किती कमी, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते फक्त भरणाऱ्याला ठाऊक. मी बुलढाण्यातल्या एका जुन्या भरणाऱ्याकडे गेले होते. त्याने मला चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली आणि बोलता बोलता समोरच्या कॉइलवर फडकं टाकलं. आकडा बाहेरच्याला दाखवायचा नाही, पोराला सांगायचा तोही हात थकल्यावर, अशी त्यांची रीत. मी चहा पिऊन परत आले आणि क्लिप पुसली. माझं चुकलं असं सांगणारी नवीन क्लिप मी करू शकले असते. आकडा नव्हता म्हणून केली नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे समजलं म्हणणाऱ्या त्या मिस्ड कॉलांना तोंड द्यायची हिंमत नव्हती. मोटर जळली तर तीन मिस्ड कॉल द्या, अशी सोय मी ठेवली नव्हती.

त्या आठ महिन्यांत मी कापसाकडे बघायचं सोडलं होतं. बसमधून जाताना नजर पुस्तकात. कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा लोक म्हणायचे, आता फवारा नको, काळजी नको. पाकिटांसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. मग कळलं की या झाडाला बोंडं धरायच्या वेळी पाणी लागतंच, नाही मिळालं तर पानं लाल होतात आणि खेळ संपतो. रस्त्यालगत असं लाल पडलेलं वावर दिसलं की मला वाटायचं, इथे मोटर होती का? कुणी भरली? कशावरून? वेड्यासारखं होतं ते. पाऊस नव्हता म्हणून लाल पडलेली शेतंही मी माझ्या खात्यावर घेत होते, आणि कुणाला सांगताही येत नव्हतं, कारण संस्थेत तर माझं कौतुक चाललेलं.

पुढच्या सीटवरची बाई पस्तिशी-चाळिशीची, डोक्यावरून ओढणी घेतलेली, पायाशी बाजाराची पिशवी. मोबाइल तोंडासमोर धरून ती माझ्याबरोबर बोलत होती. आवाज न करता, ओठांनी. मी थांबत होते तिथे थांबत होती, मी खाकरते तिथे तिने मान खाली घातली. कंडक्टर तिकिटं तपासत आला तशी तिने क्लिप बंद केली. मी पर्सवरचे हात पदराखाली घेतले, कारण क्लिपमध्ये हातच दिसतात आणि डाव्या अंगठ्यावरचा सोल्डरचा डाग कुणीही ओळखला असता. मग वाकून, शक्य तितक्या वेगळ्या आवाजात, विचारलं की हे कुठे मिळालं. "हे तं साऱ्यायजवळच हाये," ती म्हणाली. "मॅडम नंबर सात." तुम्ही मोटर भरता का, विचारलं. हाव म्हणाली, मालकाच्या डोळ्यात मोतीबिंदू, दुकान मोताळ्याला, ते नुसती तार गुंडाळतात, आता आपणच भरतो. किती भरल्या? तिने बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. बस मोताळ्याच्या स्टँडवर शिरली, ती उतरली, आणि मलकापूरचं तिकीट हातात असताना मीही तिच्यामागे उतरले. उतरताना काही मोठा विचार केला नाही. पाय उतरले.

दुकान म्हणजे पत्र्याची खोली, बाहेर मोटरींचे उघडे सांगाडे, आत खाटेवर बसलेला पांढऱ्या दाढीचा माणूस फर्म्यावर, म्हणजे कॉइलच्या साच्यावर, तार गुंडाळत होता. हा कय्यूमभाई. बाईचं नाव जहांआरा. तिने मला दारातच थांबवलं आणि बोट ओठांवर ठेवलं. भरणारा मोजत असताना त्याला सलाम करायचा नाही, तो उत्तर देत नाही. त्याचे ओठ हलत होते, डोळे अर्धे मिटलेले, त्या डोळ्यांवर धुकं आलेलं मला लांबूनही दिसत होतं. मी दारात उभी, काखेत फाइल, मलकापुरात माझं नाव पुकारत असतील त्या वेळी. शेवटी त्याने तार तोडली आणि या म्हणाला. मी बसले नाही. म्हटलं, सातव्या क्लिपमधली बाई मीच, ती क्लिप चुकीची आहे, तुमच्या बायकोने तिच्यावरून भरू नये, आणि तिच्यावरून भरून जळलेल्या मोटरी तुमच्याकडे आल्या असतील तर किती आल्या ते मला सांगा. एका दमात बोलले. आठ महिने पाठ केल्यासारखं.

"अकरा," कय्यूमभाई म्हणाला.

मी खाटेच्या कडेवर बसले. मी मनात वीस धरून चालले होते, पन्नास धरून चालले होते, पण कुणी तोंडाने आकडा सांगितला की तो वेगळाच लागतो. अकरा विहिरी. जहांआराने पाण्याचा लोटा पुढे केला आणि म्हाताऱ्याने बोलायला सुरुवात केली, हळू, तारेसारखंच. पहिली मोटर उघडली तेव्हा तो खूप हसला होता. दुसरीला शिव्या घातल्या. चौथी-पाचवीपासून त्याच्या लक्षात आलं की या जळलेल्या मोटरी नव्या माणसांनी भरलेल्या आहेत, ज्यांना कुणी उस्ताद नाही, आणि तरी आत तार अशी बसवलेली की एकावर एक चढलेली नाही, कुठे घासलेली नाही, खाचांतला कागद काठोकाठ. "चाळीस साल झाले मले. अशी साफ भराई मी पाह्यली नाही. निरा आकडाच तेवढा चुकला होता." आणि जहांआराने, जिला त्याने वीस वर्षांत एक कॉइल शिवू दिली नव्हती, चोरून मोबाइल पाहून तशीच भरून दाखवली. त्याला नीट दिसलं नाही, त्याने बोटं फिरवून पाहिली. मग ती म्हणाली, आकडा सांगा. तीन दिवस तो विषय बदलत राहिला. चौथ्या दिवशी, ताट वाढता वाढता, ती म्हणाली, "आकडा काय कबरीत घेऊन जाता?" हे सांगताना तो तिच्याकडे बघून असा काही लाजला की मला माझं दुःख क्षणभर विसरायला झालं.

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. बसमध्ये जिथे बंद केली होती तिथून क्लिप पुढे सुरू झाली. माझं वाक्य संपतं, माझे हात पडद्यावरून जातात, आणि मिस्ड कॉलचं सांगायच्या जागी दुसरे हात येतात, म्हातारे, नखांत काळं गेलेले. "मॅडम खरं सांगून राह्यल्या," त्याचा आवाज म्हणतो, "पन हे जिथं लाइट पुरी हाये तिथलं हाये. आपल्या वावरात पुरी लाइट नाही. बावन निघाले तं शेचाळीस भरा, आन् तार एक नंबर जाड घ्या." मग तो मोजू लागतो, मोठ्याने. एक, दो, तीन. चाळीस वर्षं ओठांतच राहिलेली ती मोजणी तो सगळ्या शिवाराला ऐकवतो, शेचाळीसपर्यंत, मध्ये एकदा आवाज फाटतो आणि तो खाकरून तिथूनच पुढे जातो. मी क्लिप दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा पाहताना रडले, आणि लाज वाटली नाही. जहांआरा सांगत होती की मोबाइलच्या दुकानात आता हीच भरून देतात, जुनी सात कुणी मागत नाही, माझी क्लिप त्याच्याशिवाय आणि त्याची माझ्याशिवाय कुणाला नको आहे. बसमध्ये ती रोजच ऐकते. सवय, म्हणाली. मी आठ महिने ज्या गोष्टीला लपवत फिरत होते, तिला इथल्या माणसांनी दुरुस्त करून कामाला लावलं होतं, आणि मला कळवायचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांच्या लेखी सगळं ठीकच होतं.

मलकापूरची बैठक गेली. त्याबद्दल पुढे खुलासा मागणारा कागद आला, तो गोपाळने व्यवस्थित फाइलला लावला. मी दुपारभर तिथेच बसले आणि मोटर भरली. इतकी वर्षं शिकवलं, पण ज्या मोटरवर कुणाचं पाणी अवलंबून आहे अशी एकही मी स्वतः भरलेली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण मला वाटतं, म्हाताऱ्याला कळलं. बोटं घामेजत होती. शेचाळीसच्या जवळ आले की उरातला ठोका आणि मोजणी यांची सरमिसळ व्हायची. जहांआरा माझ्यासमोर बसून खाचांत कागद घालत होती आणि मध्येच म्हणाली, "मॅडम, ओढू नोका ना तार." माझंच वाक्य. तिघंही हसलो.

रविवारी मी पुन्हा गेले, गोपाळला घेऊन. वार्निश वाळलं होतं, मी भरलेली मोटर विहिरीवर बसवून झाली होती. शेत सरस्वतीबाईचं, साठीची बाई, काटक, एकटीच राबणारी. वावरात निम्म्यावर कापूस, निम्म्यावर सोयाबीन. कापूस हिरवा होता, बोंडं हरभऱ्याएवढी, आणि जमीन भेगाळलेली. वीज अकराला येणार होती. आम्ही विहिरीच्या काठावर बसलो, आणि तिने मी कोण ते न विचारताच बोलायला सुरुवात केली, की मागच्या साली भाच्याने त्या मोबाइलमधल्या बाईचं ऐकून मोटर भरली, बोंडं धरायच्या टायमाले जळली, तेव्हापासून तशीच पडून होती, अर्धा कापूस लाल झाला. पाहिला तेव्हा झाडापाशी बसून राहिली, घरी जाऊ वाटेना. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. दाणे निवडावेत तसं सांगत होती. जहांआरा माझ्याकडे बघत होती. गोपाळने माझा हात दाबला, म्हणजे गप्प राहा. संसारात त्याचा हा एकच उपाय, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो.

"ती बाई मीच," मी म्हटलं. "माझ्यामुळे जळली तुमची मोटर."

सरस्वतीबाईने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी हात पदराखाली घेतले नाहीत. तेवढ्यात खांबावरचा दिवा लागला, वीज आली. चहूकडे शिवारात मोटरी एकामागून एक गुरगुरू लागल्या आणि स्टार्टरवरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत घसरला, साडेतीनशे, तीनशे वीस, तीनशे दहा. मी शिकवत असते तर म्हटलं असतं, थांबा, इतक्या कमी दाबावर चालवू नका.

"मंग तूच कर चालू," ती म्हणाली.

मी हिरवं बटण दाबलं. मोटर एकदा कण्हली. तो अर्धा-पाऊण क्षण मी कधीच विसरणार नाही, कारण त्यात मला मतीनची काळी जुडी दिसली, वास आला, अकराच्या अकरा विहिरी दिसल्या, आणि मग मोटरने सूर धरला. जाड, एकसारखा, न थरथरणारा सूर. पाइप हलला, आतून हवा खोकली आणि पाणी आलं, आधी गढूळ, मग मनगटाएवढं पांढरंशुभ्र, पाटात पडून भेगांत शिरणारं. मी वाकून मोटरच्या अंगावर तळहात ठेवला. कोमट होती, तापत नव्हती. पाच मिनिटांनी ठेवला, दहा मिनिटांनी ठेवला, अर्ध्या तासाने ठेवला. कोमटच. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी ओरडलेही, काय ते आठवत नाही. गोपाळ सांगतो की मी शेचाळीस शेचाळीस असं ओरडत होते. खोटं असेल, पण असूही शकतं.

हे सगळं चालू असताना सवयीने मी मोबाइल काढला. पाण्याची, काट्याची, मोटरची क्लिप करावी, नवीन मॅडम अकरा. खाकरून बोलायला सुरुवात करणार तोच सरस्वतीबाई पाटातून चिखलाच्या पायांनी पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पदर डोक्यावरून सारखा केला. मी सांगणार होते की चेहरा घेत नाही, फक्त हात घेतो. ती म्हणाली, "तू निरा धर. मी सांगतो."

मी मोबाइल धरला. ती पडद्यात सरळ बघत म्हणाली की मी सरस्वतीबाई, माझी मोटर मागच्या साली जळली, आता तीनशे दहावर चालून राह्यली, आन् कशी भरायची ते मी भाच्याच्या मोबाइलात पाह्यलं, तेच सांगून राह्यलो, नीट आइका. आणि ती सांगू लागली. कुठेही चुकली नाही.